पंच कोण होणार?

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज वद्य पंचमी, म्हणजे पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचारला खाडी तुडुंब, दुपारी सव्वाचारच्या आसपास पुन्हा तुडुंब, आणि मधे सकाळी दहाला सगळा चिखल उघडा. वसईच्या कोळीवाड्यातल्या बायकांना हा हिशोब पाऊणकी न घोकताही येतो. सरकारी कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून, ती तशी आहे. किनाऱ्यावरच्या वनरक्षकाला ही दोन्ही घड्याळं सांभाळावी लागतात.

अशाच एका वनरक्षक बाईंचा हा दिवस. या नोकरीतल्या अनेकींचा तो थोड्याफार फरकाने असाच जातो, म्हणून नाव देत नाही. भुईगाव-कळंबच्या बाजूला तिला ‘गार्ड मॅडम’ म्हणतात तेवढं पुरे. मूळची माणदेशातली. टँकर कधी येणार यावर घरचा दिवस आखायचा, हे तिला लहानपणापासून माहीत. दिवसातून दोनदा आपणहून येणारं आणि आपणहून जाणारं पाणी तिने नोकरी लागल्यावर पाहिलं.

पहाटे साडेपाच

नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीतून ती दुचाकी काढते तेव्हा वाड्यांतली फुलं दादरच्या वाटेला लागलेली असतात. चाफा, मोगरा, जास्वंदीच्या कळ्यांचे हारे घेऊन बायका स्टेशनाकडे आणि ही उलटी, पश्चिमेला. सोपारा, निर्मळ, मग समुद्राकडचे अरुंद रस्ते.

ती आधी रस्ता बघते आणि मग झाडं. इमारती पाडून निघालेला राडारोडा घेऊन डंपर येतो तो मध्यरात्रीनंतर, आणि उजाडायच्या आत मोकळा होऊन परततो. चाकाची खूण ताजी असेल तर तिच्या कडा धारदार असतात; उन्हं चढली की त्या ढासळतात आणि मग खूण कालची की परवाची हे सांगता येत नाही. म्हणून ही वेळ. साहेब लोक येतात अकराला, तेव्हा त्यांना दिसतो नुसता ढिगारा.

आज चाकाची खूण नाही. पण खाडीला मिळणाऱ्या एका ओहोळावर, जिथून भरतीचं पाणी तिवरांच्या रानात, म्हणजे कांदळवनात, शिरतं तिथे, मातीच्या गोण्या रचून बांध घातलेला आहे. रात्री गावातल्या एका पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर अंधारातला धूसर फोटो टाकला होता, तो याचाच.

तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. बाहेरच्यांना हे पटकन कळत नाही. खाडीच्या चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवराची मुळं चिखलातून टाचण्यांसारखी उभी वर येतात आणि ओहोटीत तिथून श्वास घेतात. भरतीने बुडावं, ओहोटीने उघडं पडावं, यावर ते झाड जगतं. येण्याजाण्याची वाट बुजवली की आतलं पाणी एक तर साचून राहतं आणि श्वासमुळं कायमची बुडतात, नाही तर सगळंच आटतं. झाड उभ्याउभ्या पिवळं पडतं. कापल्याचा पुरावा नाही, कुऱ्हाड नाही, आरोपी नाही. पुढे वठलेली लाकडं कुणीतरी सरपणाला नेतं, मग डंपर, मग विटांची जोती, मग चाळ. खोली स्वस्तात मिळाली म्हणून कुणी तरी गावाकडची जमीन विकून पैसे भरतं. त्या माणसाला पाण्याची वाट कुठून होती हे कुणी सांगत नाही; ते त्याला पहिल्या मोठ्या जुलैत कळतं.

तो जुलै सगळ्यांना आठवतो. २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, पश्चिम रेल्वे ठप्प झाली, वसईच्या मिठागरात माणसं अडकून पडली. नंतर आयआयटी मुंबई आणि नीरी यांची समिती नेमली गेली. ज्या शहराने पाणी साठायच्या जागा भराव टाकून संपवल्या, त्याला धारण तलाव बांधायचा सल्ला मिळाला.

सकाळी दहा

ओहोटी पूर्ण. कचेरीही आत्ताच उघडली असेल. क्वचित जुळणारा मुहूर्त.

चिखलात तिच्याआधी दोन कोळी बायका उतरलेल्या आहेत. लुगड्याचा काचा मारलेला, हातात चिंबोऱ्या काढायची लोखंडी आकडी, कमरेला टोपली. बिळाच्या तोंडाशी चिखल कसा आहे यावरून आत चिंबोरी आहे की नाही हे त्या सांगतात. निवट्या उड्या मारत बाजूला होतात. बांधाच्या आतली बिळं कोरडी पडू लागलीत हे गार्ड मॅडमच्या आधी या दोघींनीच ओळखलं होतं. त्यात पर्यावरणप्रेम वगैरे काही नव्हतं, टोपली हलकी लागत होती.

राज्य सरकारने हा धागा पकडायचा प्रयत्न केला आहे, हे मान्य करायला हवं. २०१२ मध्ये वन विभागात वेगळा कांदळवन कक्ष निघाला. कांदळवनांसाठी असा स्वतंत्र कक्ष काढणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आलं आणि २०१७ पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना. खेकडापालन, पिंजऱ्यातला जिताडा, कालवं, शोभेचे मासे, निसर्ग पर्यटन. गटाने केलं तर नव्वद टक्के खर्च सरकारचा, एकट्याने केलं तर पंचाहत्तर. झाडं उभी राहिली तर तुमच्या घरात पैसा येईल, असा त्यामागचा सरळ हिशोब. सिंधुदुर्गात तो बराच रुजला. वसईत अडचण अशी की इथे झाड उभं ठेवून मिळणारा पैसा आणि झाड मारून मिळणारा पैसा यांची तुलनाच होऊ शकत नाही. एका गुंठ्याच्या भावात चिंबोऱ्यांच्या किती टोपल्या बसतील, ते कुणी मोजायला जात नाही.

म्हणून इथे लोकसहभागाची परीक्षा बचत गटाच्या बैठकीत होत नाही. ती पंचनाम्याच्या कागदावर होते.

वनगुन्हा नोंदवायचा तर जागेवर पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला दोन पंच हवेत. शक्यतो त्याच गावातले, सज्ञान, जागा पाहिलेले. नाव, वय, धंदा, राहणार अमुक, आणि खाली सही. म्हणजे ज्याने बांध घातला त्याच्या वकिलाच्या हातात पंचाचं नाव-पत्त्यासह सगळं जाणार. उद्या तो माणूस नाक्यावर चहा पिताना भेटणार. चार वर्षांनी कोर्टाचं समन्स येणार, मजुरी बुडणार. समुद्रकिनारा स्वच्छतेच्या रविवारी दीडशे माणसं येतात, हातमोजे घालून फोटो काढतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पंच म्हणून त्यातले किती उभे राहतील, हा प्रश्न गार्ड मॅडम कुणाला विचारत नाही. उत्तर तिला ठाऊक आहे.

ती टोपलीवालीकडे वळते.

“मावशी, पंच म्हणून सही कराल?”

“सही कुठली गो बाय, अंगठा चालतो का?”

“चालतो.”

“मग कोर्टात यायला लागंल?”

“लागेल कदाचित. चार-पाच वर्षांनी.”

“तवर मी असंन का, ते पण लिही त्यात.”

मावशींच्या अंगठ्याला शाई लावायच्या आधी चिखल धुवावा लागतो. पहिला पंच झाला. दुसऱ्यासाठी शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांना फोन. रात्री फोटो टाकणारा तो पोरगा बाजूलाच उभा असतो, पण तो मान खाली घालून म्हणतो, “मॅडम, माझं नाव नको. भाऊ डंपरवर आहे.” ती त्याला आग्रह करत नाही. त्याने फोटो टाकला हेच पुष्कळ. ‘स्थानिक समुदाय’ असा शब्द योजनांच्या पुस्तिकेत एकवचनात असतो. गावात एका घरात एक भाऊ फोटो काढतो आणि दुसरा राडारोडा वाहतो, आणि दोघं एकाच ताटात जेवतात.

मास्तर सायकलवरून येतात. चष्मा पुसून पंचनामा पहिल्या ओळीपासून वाचतात, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारायला लावतात आणि मगच सही करतात.

आता हद्द. मोबाइलवरच्या नकाशात बांध दोन रंगांत विभागलेला आहे: अर्धा अधिसूचित वनात, अर्धा खासगी सर्व्हे नंबरमध्ये. खासगी बाजूचं काम महसूल खात्याचं. त्याला तहसीलदारांचं पत्र, तलाठी, मंडळ अधिकारी. वनाच्या बाजूच्या गोण्या मात्र ती आत्ता काढू शकते. मास्तरांच्या वाडीतून दोन फावडी आणि घमेली येतात. अर्धाच बांध फोडला जातो, पण तो बरोबर ओहोळाच्या मुखाशी असतो. पाण्याला सात-बारा वाचता येत नाही, हे वसईत एरवी नुकसानीचंच ठरतं. आज उपयोगी पडलं.

दुपारी साडेबारा

कचेरी. डबा उघडून शेजारी फाइल. प्राथमिक वनगुन्ह्याचं पुस्तक, पंचनाम्याची प्रत, नकाशाची प्रत, फोटो. मग पत्रं: एक वरिष्ठांना, एक महसूलला, एक महापालिकेला.

या कागदांच्या मागे बराच मोठा इतिहास आहे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटरांत बांधकाम थांबवलं. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालय पुढे गेलं. कांदळवन नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं म्हटलं, नष्ट झालेली जागा पूर्ववत करायची जबाबदारी राज्यावर टाकली, आणि देखरेखीला कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला लावली. जमीन खासगी असली तरी कांदळवनाला हात लावता येत नाही, हे तेव्हा पक्कं झालं. पण पक्कं झालं ते निकालपत्रात. खासगी तुकड्यावर आधी कुणी जायचं, हा प्रश्न रोज नव्याने पडतो.

शिक्षेचंही तसंच. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने एप्रिल २०२४ पासून ती काढली आणि दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड ठेवला. कैदेची भीती तशीही कागदावरचीच होती, असं म्हणणारे आहेत. चाळीच्या एका मजल्यात पंधरा लाख सहज निघतात, एवढंच मी म्हणेन.

टेबलावर आणखी एक परिपत्रक पडलेलं आहे, ‘माझी वसुंधरा’चं. २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेलं हे अभियान भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर शहरांना आणि गावांना गुण देतं. झाडं किती लावली, पाणवठे किती राखले, नागरिकांनी ई-शपथ किती घेतल्या. त्यावर हसणं सोपं आहे. पण पाणवठ्यांना गुण असल्यामुळे पालिकेच्या कारकुनाला तलावांची यादी करावी लागते, आणि यादीत आलेला तलाव बुजवणं थोडं अवघड होतं. शपथेपेक्षा मला ती यादी मोलाची वाटते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं खातं वेगळं, त्याची हद्द वेगळी. नाल्यात रंगीत पाणी दिसलं तर त्यांचं, त्याच नाल्यात भराव दिसला तर त्यांचं नाही.

आणि बुलेट ट्रेन. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली मिळून सुमारे २२ हजार कांदळ झाडं प्रकल्पासाठी तोडायची परवानगी दिली. ती सार्वजनिक हिताची म्हणून. गावातला माणूस याच गोष्टीवर बोट ठेवतो: सरकारने तोडली तर प्रकल्प, आम्ही तोडली तर गुन्हा? गार्ड मॅडमकडे त्याचं पाठ केलेलं उत्तर आहे, बदल्यात लागवड वगैरे. ते ती सांगते, पण समोरच्याच्या डोळ्यांत न बघता.

दुपारी तीन

परतताना मास्तरांच्या वाडीत पाणी प्यायला थांबते, कारण सकाळी फावडी घेतली होती. गोष्ट अर्थातच पाण्यावर थांबत नाही. पिकलेली वेलची केळी येतात आणि मागोमाग खरा विषय. आळीतलं बावखल बुजवायला घेतलंय.

बावखल वसईबाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. पूर्वजांनी वाडीत खणलेलं उथळ तळं. निघालेली माती घराच्या जोत्याला आणि वाडीच्या भरावाला, राहिलेल्या खड्ड्यात पावसाचं आणि झऱ्याचं गोडं पाणी. त्यावर रहाट, रहाटाला रेडा, आणि पाटाने केळीला, पानवेलीला, फुलांना पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहिरी गोड्या राहिल्या त्या अशा तळ्यांमुळे: वरून मुरणारं गोडं पाणी खालून सरकणाऱ्या खाऱ्याला रोखून धरतं. रहाट गेले, पंप आले, मग पंपही कमी झाले, आणि बावखलाची ‘जागा’ झाली.

याच पट्ट्याने १९८० च्या दशकाअखेरीस टँकरवाल्यांविरुद्ध उठाव केला होता. विहिरी उपसून पाणी वाढत्या शहरात विकलं जात होतं आणि वाड्यांचं पाणी मचूळ होऊ लागलं होतं. हरित वसई संरक्षण समितीच्या त्या लढ्याचं नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी केलं, ज्यांना पुढे महाराष्ट्राने २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखलं. २०२४ मध्ये ते गेले. मास्तर त्या मोर्च्यांत होते. आता त्यांच्याच आळीत चार घरांपैकी दोन घरांना बावखलावर गाड्या लावायच्या आहेत.

“मॅडम, हे तुमच्यात बसत नाही का कुठे?”

नाही बसत. तिवर नाही म्हणून कांदळवन नाही. भरतीचं पाणी येत नाही म्हणून किनारा नियमन नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, पण सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेल्या जागा त्यांतून स्पष्ट वगळल्या आहेत. बावखल माणसाने खणलं, शेतीसाठी खणलं, म्हणजे ते बाद. देशाच्या पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरांवरच्या जागांची नीट आखणी, आणि बावखल त्याच्या कितीतरी आत. पूर्वजांनी ते पाणवठा म्हणून निगुतीने राखलं, हाच कायद्यापुढे त्याचा दोष ठरतो.

ती तसं सांगते. पण उठता उठता हेही सांगते की सात-बारा आणि जुना गाव नकाशा काढा, बावखलात समाईक हिस्सा किंवा सरकारी पाण्याची नोंद निघते का बघा. नोंद निघाली तर तलाठ्याकडे अर्ज करा, पालिकेच्या पाणवठ्यांच्या यादीत नाव घालायला लावा, आणि अर्जावर आळीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. “गाड्यावाल्या दोघांच्याही?” मास्तर विचारतात. “त्यांच्या आयांच्या घ्या,” ती म्हणते. विहिरीवर अजून त्याच जातात.

सव्वाचार

पाणी फोडलेल्या जागेतून आत शिरलं आहे. गढूळ, फेसाचं, कचऱ्यासकट. ती व्हिडिओ काढते, वेळ दिसेल असा, कारण महसूलच्या पत्राला तो जोडायचा आहे. उरलेल्या अर्ध्या बांधाला पाणी दोन्हीकडून टेकलेलं आहे.

इथे रोपं लावायची गरज नाही. २०१९ ला राज्याने तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं तेव्हा पुष्कळ ठिकाणी पुष्कळ खड्डे झाले. कांदळवनात बहुतेकदा खड्डा लागतच नाही. बियाणं भरतीबरोबर तरंगत येतं, वाट मोकळी असली तर चिखलात टेकतं आणि रुजतं. फक्त याचा फोटो चांगला येत नाही, मान्यवरांच्या हातात फावडं देता येत नाही.

संध्याकाळी सहा

पाचूबंदर. बोटी लागताहेत. हे खरं मत्स्यव्यवसाय खात्याचं आवार, पण एका नाखव्याने फोन केला होता, कारण नंबर तिचाच होता. जाळ्यात मोठं कासव आलं, जाळं कापून सोडलं. डिसेंबर २०१८ पासून योजना आहे: संरक्षित समुद्री जीव जिवंत सोडताना जाळं कापावं लागलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई. वन विभाग आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून ती चालवतात. मला ही योजना सर्वांत शहाणी वाटते. तिच्यात शपथ नाही, प्रबोधन नाही. कोळ्याचं नुकसान झालं हे सरकारने सरळ मान्य केलं आहे.

अट एवढीच की सोडतानाचे फोटो हवेत. नाखवा मोबाइल पुढे करतो. पहिल्या फोटोत बोट, दुसऱ्यात कुणाचा तरी पाय, तिसऱ्यात कासवाची पाठ आणि कापलेलं जाळं, स्पष्ट.

“पंचवीस मिळतील?”

“पंचवीसपर्यंत. जाळ्याच्या नुकसानीवर ठरतं.”

“पर्यंत,” नाखवा खलाशाकडे बघून म्हणतो, आणि दोघं हसतात. अर्ज तीच भरून देते, बोटीच्या नोंदणीच्या कागदासकट. उद्या तो मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याकडे द्यायचा.

रात्री नऊ

ग्रुपवर चर्चा. सकाळी बांध फोडला, म्हणजे ज्याने घातला तो आज रात्री परत येणार किंवा माती घेऊन डंपर येणार. विभागाची गाडी एक, आणि ती आज दुसऱ्या टोकाला, वैतरणेच्या बाजूला. दोन रस्ते आहेत. मास्तर लिहितात, त्यांना झोप अशीही लागत नाही, देवळाजवळचा नाका ते दोनपर्यंत बघतील. दुसऱ्या रस्त्यासाठी थोडा वेळ कुणीच काही लिहीत नाही. मग सकाळी नाव नको म्हणणाऱ्या पोराचा मेसेज येतो: भावाची आज सुट्टी आहे, डंपर मालकाचा दुसरा ड्रायव्हर नेणार आहे, नंबरप्लेटचे शेवटचे आकडे असे असे.

ती आकडे वहीत उतरवते, वरिष्ठांना आणि पोलिस ठाण्याला कळवते, आणि अलार्म दीडचा लावते. पंच म्हणून मास्तर आहेतच जागे. दुसरा शोधावा लागेल.